एवढी मोठी युद्धनौका बांधायचीच कशाला?



४ डिसेंबरला नौदल दिन असतो. त्या दिवशी परिपाठात मी १९७१ च्या कराची हल्ल्याची गोष्ट सांगितली. आपल्या लहान बोटींनी मोठी जहाजं बुडवली हे ऐकून पोरं जाम खूश. तेवढ्यात पाचवीतल्या एकाने हात वर केला. "मॅडम, येवढी मोठी बोट जर एका मिसाईलनं बुडतीय, तर मंग मोठी बांधायचीच कशाला? बारक्या बारक्याच लई बांधाव्या की!"

सगळा वर्ग हसला, पण मला लगेच उत्तर देता आलं नाही. "उद्या सांगते" म्हणून वेळ मारून नेली. घरी येऊन वाचायला बसले तेव्हा कळलं, की या प्रश्नावर जगभरातल्या नौदलांचे अधिकारीसुद्धा वाद घालत असतात. त्यामुळे उत्तर द्यायला एक उद्या पुरला नाही, आठवडा गेला. जे हाती लागलं ते तुमच्यासाठी इथे मांडते.

आधी 'मोठी' म्हणजे किती, ते मुलांना दाखवायला हवं. आपल्या नांदेड-लातूरकडच्या बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो. विष्णुपुरीचं धरण भरलं की तोच त्यांचा समुद्र. म्हणून आकडे नुसते फळ्यावर लिहू नका. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली आयएनएस मोरमुगाव ही विनाशिका १६३ मीटर लांब आहे. कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब असतं. अशी बारा मैदानं एकापुढे एक आखली तरी नौका थोडी बाहेर उरते. आणि कोचीला बांधलेली विमानवाहू आयएनएस विक्रांत २६२ मीटर! बारा मीटरची एसटी धरली तर जवळजवळ बावीस एसट्या एका ओळीत. मोरमुगावचं वजन सुमारे ७४०० टन आहे. (जहाजाचं वजन म्हणजे त्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. आर्किमिडीज शिकवताना हे उदाहरण जरूर घ्या.)

आता मुलाचा प्रश्न. तो आपल्या महाराष्ट्राच्या समुद्रात साडेतीनशे वर्षांपूर्वीच उभा राहिला होता. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यासमोर खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला. काम मायनाक भंडारींकडे होतं. हे बेट मुंबईच्या तोंडावरचं, त्यामुळे इंग्रज खवळले. त्यांच्याकडे 'रिव्हेंज' नावाचं मोठं तोफांचं जहाज होतं, आपल्याकडे गुराबा आणि वल्ह्यांवर चालणारी गलबतं. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या आरमाराने इंग्रजांवर हल्ला केला. इंग्रजांचं 'डोव्हर' हे जहाज मराठ्यांनी पकडलं, त्यांच्या लहान नावा पळाल्या. पण एकट्या रिव्हेंजने तोफांचा असा मारा केला की आपल्या आरमाराला मागे फिरावं लागलं. म्हणजे समोरासमोरच्या लढाईत मोठं जहाज भारी पडलं. पण पुढे काय झालं? रात्र झाली, वारा पडला, की शिडाचं ते मोठं जहाज जागच्या जागी. आणि आपली गलबतं वल्ही मारत, उथळ पाण्यातून बेटावर रसद पोहोचवत राहिली. शेवटी १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी वेढा आवरता घेतला. किल्ला आपल्याकडेच राहिला.

ही गोष्ट सांगताना आपण बहुतेक वेळा फक्त दुसरा भाग सांगतो. माझं मत असं, की दोन्ही भाग सांगावेत. किनाऱ्याजवळ, उथळ पाण्यात, रात्री लहान नाव भारी. खुल्या समुद्रात, दिवसाढवळ्या मोठं जहाज भारी. कोण जिंकतं हे ठरायला आकार जेवढा लागतो, तेवढीच जागा लागते.

१९७१ कडे याच नजरेने पाहू. ४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या तीन क्षेपणास्त्र बोटी कराचीवर गेल्या. प्रत्येकीवर चारच क्षेपणास्त्रं. त्यांनी पाकिस्तानची 'खैबर' ही मोठी विनाशिका आणि 'मुहाफिज' ही सुरुंग काढणारी नौका बुडवली. इथपर्यंत माझ्या विद्यार्थ्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण या बोटी किनारा राखण्यासाठी बनवलेल्या होत्या. त्यांचा पल्ला कमी, इंधन थोडं. म्हणून त्यांच्यासोबत किल्तान आणि कच्छल या त्यांच्यापेक्षा मोठ्या नौका होत्या, ज्यांचं रडार जास्त दूरचं पाहायचं. म्हणजे बारक्यांच्या पाठीशी मोठ्या होत्याच!

आणि त्याच युद्धात आपली सर्वांत मोठी नौका कुठे होती? जुनी विक्रांत. तिच्या एका बॉयलरला तडा गेलेला, पूर्ण वेगाने पळता येत नव्हतं. पश्चिमेला पाकिस्तानच्या नव्या पाणबुड्यांचा धोका होता, म्हणून तिला बंगालच्या उपसागरात ठेवलं. तिला शोधायला पाकिस्तानने 'गाझी' ही पाणबुडी पाठवली, ती विशाखापट्टणमजवळ बुडाली. इकडे विक्रांतवरून उडालेल्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी कॉक्स बाजार, चितगावची बंदरं आणि विमानतळ बंद पाडले. पूर्व पाकिस्तानातल्या सैन्याची समुद्राकडची वाट बंद झाली. हे काम लहान बोटींच्या आवाक्यातलं नव्हतं, कारण विमान उडायला धावपट्टी लागते.

पण ९ डिसेंबरची गोष्टही वगळू नका. दीवजवळ पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने आपली आयएनएस खुकरी टॉर्पेडोने बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजासोबतच गेले. वर्गात हा आकडा सांगितला तेव्हा एका मुलीने आपल्या शाळेचा पट मोजला. आमच्या शाळेत तेवढी मुलं नाहीत. मोठ्या नौकेची खरी किंमत इथे कळते. एक लहान बोट गेली तर नुकसान होतं, पण मोठी गेली तर एका क्षणात अख्खं गाव गेल्यासारखं होतं. आणि बदली नौका बांधायला वर्षानुवर्षं लागतात.

आता मुख्य भाग, ज्याने माझं स्वतःचं डोकं उघडलं. मोठी नौका बुडते ती क्षेपणास्त्राच्या ताकदीमुळे, असं मला वाटायचं. पण त्याच्या आधी ती 'उशिरा दिसल्यामुळे' बुडते. पृथ्वी गोल आहे, म्हणून क्षितिजापलीकडचं दिसत नाही. ज्वारी हुरड्यात आली की राखणीला शेतात माळा बांधतात, आठवतंय ना? जमिनीवर उभं राहून पाखरं दिसत नाहीत, माळ्यावर चढलं की सगळं शेत दिसतं. समुद्रात तेच.

आठवीच्या मुलांना गणितही करून दाखवता येईल. उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला ३.५७ ने गुणा. क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते मिळतं. नौकेच्या डोलकाठीवर २५ मीटर उंचीवर रडार आहे असं धरू. वर्गमूळ ५, म्हणजे क्षितिज सुमारे १८ किलोमीटरवर. समोरून येणारं क्षेपणास्त्र पाण्याला घासून, समजा ४ मीटरवरून येतंय. वर्गमूळ २, म्हणजे आणखी ७ किलोमीटर. बेरीज २५. (रडारच्या लहरी थोड्या वाकतात, त्यामुळे प्रत्यक्षात जरा जास्त.) म्हणजे ते क्षेपणास्त्र २५ किलोमीटरवर येईपर्यंत नौकेला दिसणारच नाही! आवाजापेक्षा थोड्या कमी वेगाचं असेल तर पोहोचायला दीड मिनिट. आपल्या ब्राह्मोससारखं आवाजाच्या जवळपास तिप्पट वेगाचं असेल तर अर्ध्या मिनिटाच्या आत. तेवढ्यात ते ओळखायचं, निर्णय घ्यायचा, आपलं क्षेपणास्त्र सोडायचं, ते चुकलं तर जवळच्या तोफा चालवायच्या. आपल्याला मोबाईलचं लॉक उघडून फोटो काढायला एवढा वेळ लागतो!

मग यावर उपाय काय? माळा उंच करा. डोलकाठी काही आकाशाएवढी करता येत नाही, पण रडार घेऊन हेलिकॉप्टर वर जाऊ शकतं. २५०० मीटर उंचीवर गेलं तर त्याच सूत्राने क्षितिज १७८ किलोमीटरवर. दीड मिनिटाऐवजी हाती दहा मिनिटं. आपल्या नौदलाची कामोव्ह-३१ हेलिकॉप्टरं हेच काम करतात. आणि ती रोज उडवायची, उतरवायची, दुरुस्त करायची, तर सपाट मोठा डेक, इंधन, कारागीर, सुटे भाग सगळं सोबत हवं. मोठी नौका मोठी असते ती यासाठी. त्यात मोठं रडार बसतं, त्याला लागणारी वीज तयार होते, शेकडो माणसांचं अन्न मावतं, पिण्याचं पाणी समुद्राच्या पाण्यापासून बनवता येतं. (२०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या आमच्या लातूरकरांना या एका गोष्टीचं महत्त्व वेगळं सांगायला नको.)

म्हणजे तोफा घेऊन दुसऱ्या मोठ्या जहाजाशी कुस्ती खेळणं हे तिचं काम आता जवळपास संपलं. आठवडेच्या आठवडे घरापासून दूर टिकून राहणं, दूरचं पाहणं आणि दुसऱ्यांना राखणं, हे तिचं आजचं काम. म्हणूनच ती एकटी फिरत नाही. विमानवाहू नौकेभोवती विनाशिका, फ्रिगेट, पाण्याखाली पाणबुडी, मागे तेलाचं जहाज असा सगळा लवाजमा असतो.

"पण मॅडम, आपल्याला काय करायचंय, आपल्याकडं कुठं समुद्र हाय?" हा दुसरा प्रश्न मला अपेक्षितच होता. याचं उत्तर लातूरच्या आडत बाजारात आहे. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सूर्यफुलाचं युक्रेन-रशियाकडून, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून. सगळं जहाजाने. आपल्या सोयाबीनचा भाव त्या तेलाच्या दराशी बांधलेला. डिझेलचं कच्चं तेल, डीएपी खत तेही जहाजाने. २०२२ मध्ये युद्धामुळे काळ्या समुद्रातली बंदरं अडली तेव्हा सूर्यफूल तेल आपल्या किराणा दुकानात महागलं, ते तुम्हाला आठवत असेल.

२०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात हुथी बंडखोरांनी व्यापारी जहाजांवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं सोडायला सुरुवात केली. २६ जानेवारी २०२४ ला आपण शाळेत झेंडावंदन केलं, त्याच दिवशी एडनच्या आखातात 'मार्लिन लुआंडा' या तेलवाहू जहाजावर क्षेपणास्त्र आदळलं. जहाजावर २२ भारतीय होते. आग विझवायला आपली आयएनएस विशाखापट्टणम पोहोचली, तीही माझगावचीच. मार्चमध्ये आयएनएस कोलकाताने चाच्यांनी पळवलेलं 'रुएन' जहाज सोडवलं, १७ खलाशी वाचवले आणि ३५ चाच्यांना पकडून मुंबईला आणलं. हे घडलं भारताच्या किनाऱ्यापासून २६०० किलोमीटरवर. तिथे निपातसारखी बारकी बोट पोहोचलीच नसती. पोहोचली असती तरी दिवसच्या दिवस थांबली नसती.

हे वाचून 'आपली नौका पाहिली की शत्रू थरथर कापतो' छापाचे व्हिडिओ मुलांना दाखवावेसे वाटतील. कृपया थांबा. १४ एप्रिल २०२२ ला काळ्या समुद्रात रशियाची 'मोस्कवा' बुडाली. १८६ मीटर लांब, तिथल्या ताफ्यातली सर्वांत मोठी. युक्रेनने सांगितलं, किनाऱ्यावरून सोडलेली दोन नेपच्यून क्षेपणास्त्रं लागली. रशियाने आगीचं कारण दिलं. ज्या युक्रेनकडे मोठी युद्धनौका जवळपास उरली नव्हती, त्याने पुढे स्फोटकं भरलेल्या बिनमाणसाच्या बोटी पाठवून रशियाला बरीच जहाजं सेवास्तोपोलहून दूर हलवायला लावली. खांदेरीचीच गोष्ट पुन्हा. काळा समुद्र अरुंद, किनारा जवळ. वर खर्चाचा हिशेब वेगळाच. काही लाखांचा ड्रोन पाडायला काही कोटींचं क्षेपणास्त्र खर्च होतं, आणि नौकेवरची क्षेपणास्त्रं मोजकी असतात. मोरमुगाववर हवेतला मारा रोखणारी ३२ बसतात. तेहतिसावा ड्रोन आला तर? जवळून मारा करणाऱ्या तोफा आहेत, शत्रूच्या क्षेपणास्त्राला चकवणारी साधनं आहेत, पण ही काळजी खरी आहे आणि सगळीच नौदलं आज तिच्यावर काम करत आहेत.

आठवड्याने मी त्या मुलाला सांगितलं, तुझं निम्मं बरोबर आहे. किनारा राखायला बारक्या बोटी, ड्रोन, किनाऱ्यावरची क्षेपणास्त्रं जास्त हवीत, आणि मोठ्या नौकेने शत्रूच्या किनाऱ्याला उगाच बिलगू नये. पण आपलं तेलाचं जहाज एडनपासून मुंबईपर्यंत सांभाळून आणायचं असेल तर मोठीच लागेल.

मग आम्ही मैदानात चुन्याने मोरमुगाव आखायला घेतली. मैदान शंभर मीटरच्या आतच संपलं. उरलेली नौका फाटकातून बाहेर, डांबरी रस्त्यावर गेली. मी थांबायला सांगितलं, तर तो पोरगा म्हणाला, "मॅडम, रस्त्यावर राखणीला कुणीतरी उभं करा, मंग आखू." दोघं जण दोन्ही बाजूंना उभे राहिले, गाड्या थांबवल्या, आणि आम्ही उरलेले साठ-सत्तर मीटर पूर्ण केले.