चूल कुणाची?

रायपूरच्या आसपास परक्या माणसांनी एका छपराखाली राहण्याचा मागोवा घ्यायचा, तर सुरुवात वृद्धाश्रमांपासून होत नाही, कुष्ठाश्रमांपासून होते. बिलासपूर रस्त्यावर बैतलपूरला मिशनऱ्यांनी १८९७ साली आश्रम काढला, चांपाला १९०२ साली. गुणकारी औषध नव्हतं, १८९८ चा कुष्ठरोग्यांना वेगळं ठेवण्याचा कायदा होता. त्या काळच्या अशा आश्रमांची आखणीही तशीच: बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे, निरोगी मुलं तिसरीकडे. नवरा-बायकोची खोली नकाशात सहसा नसायचीच.

रेल्वेत नोकरी केलेले सदाशिवराव कात्रे स्वतः कुष्ठरोगी. बैतलपूरला उपचार घेतले, पण तिथल्या धर्मप्रचाराशी त्यांचं जमलं नाही. १९६२ मध्ये त्यांनी चांपाजवळ सोंठीला भारतीय कुष्ठ निवारक संघ उभारला. १९७२ ला अमरावती जिल्ह्यातल्या पथ्रोटचे दामोदर गणेश बापट तिथे आले आणि २०१९ मध्ये जाईपर्यंत तिथलेच झाले. शेती, गोठा, दवाखाना, मुलांचं वसतिगृह: आश्रमाला गावाचं रूप आलं.

वरोऱ्याच्या आनंदवनात १९५१ पासून हेच घडत होतं. तिथे जोडप्यांच्या संसारासाठी सुखसदन झालं, थकलेल्या जुन्या रुग्णांसाठी स्नेहसावली.

खरा पेच चुलीचा. बधिर बोटांना तव्याचा चटका कळत नाही. फोड नंतर दिसतो, जखम चिघळते. म्हणून सामाईक स्वयंपाकघर शहाणपणाचं. पण स्वतःची चूल पेटल्याशिवाय बराकीचं घर होत नाही, हेही तितकंच खरं. सुखसदन आणि स्नेहसावली वेगळी ठेवणाऱ्याला हे कळलं होतं, असं मला वाटतं.

१९८२ नंतर बहुविध औषधोपचार आला, रुग्ण घरीच बरे होऊ लागले. छत्तीसगडमध्ये रोग अजून रेंगाळतोय, तरी अशा वसाहतींत मागे उरले ते मुख्यतः म्हातारे. कुष्ठाश्रमांचे न सांगता वृद्धाश्रम झाले.

१८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. त्याआधीच, २००७ च्या ज्येष्ठांच्या कायद्याने जिल्ह्यागणिक वृद्धाश्रम सुचवला होता, किमान १५० निराधारांचा. आकडाच असा, की नकाशा काढणाऱ्याचा हात आपोआप लांबलचक दालनांकडे आणि खाटांच्या रांगांकडे वळावा. वास्तविक दीडशे माणसं दहा-बारा अंगणांत वाटता येतात. भोजनगृह एकच ठेवा, पण प्रत्येक अंगणात चहापुरती शेगडी द्या. आणि भोवती इथल्या घरांना असते तशी परछी, म्हणजे ओसरी, हवीच. रायपूरच्या मे महिन्यात स्लॅबखालच्या दालनात दुपारी कोण बसणार?