हिमगृहांतील चूल

ज्या घराच्या भिंतीच बर्फाच्या, त्यांत विस्तव पेटवून अन्न शिजवावें, हें ऐकून आपल्या गृहिणींस नवल वाटेल. परंतु उत्तर कॅनडांतील इन्युइट लोकांच्या स्त्रियांनीं ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या नित्याची करून सोडली होती. शाळेच्या भूगोलांत आपण ज्यांस ‘एस्किमो’ म्हणत असूं, तेच हे लोक. आज ते साध्या घरांत राहतात. बर्फाचें घर शिकारीच्या प्रवासांत प्रसंगानेंच बांधतात.

त्या घराची रचना ध्यानांत घेण्याजोगी आहे. प्रवेशाचें भुयार आंतील जमिनीहून खालीं असे. आंत बर्फाचाच उंच ओटा, त्यावर कातडीं अंथरलेलीं. उष्ण हवा हलकी, म्हणून ती वर चढून ओट्यावरील माणसांस ऊब देई. थंड हवा जड, ती भुयाराकडे उतरे. ओट्याच्या कडेशीं गृहिणीचें स्वयंपाकघर. संगजिऱ्याच्या मऊ दगडाचा अर्धचंद्राकृति दिवा हीच तिची चूल. सील नामक जलचराची चरबी कुटून काढलेलें तेल, आणि दिव्याच्या सरळ कडेवर ओळीनें पसरलेली वाळक्या शेवाळाची वात. वर दगडाचेंच भांडें टांगून त्यांत मांस शिजवावयाचें, बर्फ वितळवून पाणी करावयाचें. त्याहून वर ओले जोडे वाळत घालावयाचे. ज्योत मोठी झाली तर छत ठिबके. ती बेताची ठेवली म्हणजे भिंतींचा आंतील भाग किंचित् विरघळून पुनः गोठे व त्यावर कांचेसारखें कवच चढे.

पण खरा धोका येथेंच आहे. त्या कवचांतून हवा आंत येत नाहीं. म्हणून घुमटाच्या माथ्याशीं भोंक ठेवावेंच लागतें आणि उडत्या हिमानें तें बुजलें तर तत्काळ मोकळें करावें लागतें. हवा अपुरी पडली कीं जळण अर्धवट जळतें व कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु उत्पन्न होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांत तो प्राणवायूची जागा बळकावतो; डोकें दुखतें, मळमळतें, गुंगी येते आणि झोंपेंतच प्राण जातो. इ. स. १९३४ मध्यें अमेरिकन दर्यावर्दी रिचर्ड बर्ड हे दक्षिण ध्रुवप्रदेशांत बर्फाखालीं बुडालेल्या झोंपडींत एकटेच हिंवाळा काढीत होते. शेगडीच्या व यंत्राच्या धुरानें ते इतके आजारी पडले कीं, ऑगस्टांत सोबती येऊन पोंचले म्हणूनच वांचले.

अग्नीस संस्कृतांत ‘वायुसख’ म्हणतात, तें कांहीं उगाच नव्हे. बाळंतिणीच्या खोलींत शेगडी ठेवून दारें-खिडक्या घट्ट लावणारे आपण त्या मित्रासच बाहेर कोंडतों. न्हाणीघरांतील गॅसच्या बंबासही हाच न्याय. आपलीं मुलें आज हिमालयांत जातात, तंबूंत स्टोव्ह पेटवितात. त्यांच्या शिदोरीबरोबर ही एक गोष्ट अवश्य बांधून द्यावी: ऊब थोडी कमी पडली तरी चालेल, पण हवेची वाट उघडी हवी.