खिशातली रोजनिशी

तुमच्यापैकी किती जण रोजनिशी लिहितात? रोजनिशी म्हणजे रोजनामचा. दोन-चार हात वर होतील, बाकीचे इकडेतिकडे पाहू लागतील. पण तुमच्या घरात एक जण न चुकता रोजनिशी लिहीत असतो. त्याला कंटाळा येत नाही आणि तो एकही दिवस विसरत नाही. तो कोण, ते ओळखलेत का? तो म्हणजे तुमच्या घरातला स्मार्टफोन.

समजा, तुम्ही नाशिकच्या इंदिरानगरमध्ये राहता. तुमची थोरली बहीण, तुमची आपा, कॉलेजात शिकते. तिच्या फोनमध्ये ठिकाणांची नोंद ठेवण्याची सोय चालू आहे. आता तिच्या एका दिवसाची ही नोंद पाहा. सकाळी सहा वाजता जॉगिंग ट्रॅक, चाळीस मिनिटे. नऊ वाजता इंदिरानगरचा बोगदा ओलांडून गोविंदनगरच्या बाजूला. साडेनऊला मुंबई नाका. मग दुपारपर्यंत कॉलेज. तीन वाजता वडाळा-पाथर्डी रस्त्यावरचा एक दवाखाना, पंचावन्न मिनिटे. साडेचारला वडाळागावात नानीचे घर. रात्री पुन्हा इंदिरानगर.

आपाने यातले एक अक्षरही लिहिलेले नाही. तरी तिचा सारा दिवस लिहिला गेला. ही वही कोणी महिनाभर वाचली, तर त्याला काय काय कळेल? फोन रोज रात्री जिथे असतो, ते तिचे घर. रोज सकाळी जिथे जातो, ते कॉलेज. आणि तीन आठवड्यांत तीन वेळा दवाखाना, म्हणजे काहीतरी दुखणे आहे. कदाचित हे दुखणे तिने अजून अम्मीलाही सांगितले नसेल. वाचणाऱ्याला मात्र ते आधीच कळले!

फोनला आपण कोठे आहोत हे कळते तरी कसे? आकाशात सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून काही उपग्रह पृथ्वीभोवती फिरत असतात. ही अमेरिकेची ‘जीपीएस’ नावाची व्यवस्था आहे. तिच्यासाठी निदान २४ उपग्रह लागतात. १९९५ मध्ये ती पूर्णपणे कामाला लागली. प्रत्येक उपग्रह सतत रेडिओ संकेत पाठवत असतो. मी कोठे आहे आणि माझ्या घड्याळात किती वाजले आहेत, एवढेच तो सांगतो. संकेत यायला किती वेळ लागला, यावरून फोन त्या उपग्रहाचे अंतर काढतो. चार उपग्रहांची अंतरे मिळाली, की त्याला आपली जागा ठरवता येते. रेडिओ संकेत सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावतो. त्यामुळे सेकंदाच्या दहालाखाव्या भागाची चूक झाली, तरी जागा तीनशे मीटरने चुकते. उपग्रहांवर अतिशय अचूक अणुघड्याळे बसवलेली असतात, ती यासाठीच. भारताचीही ‘नाविक’ नावाची अशी व्यवस्था आहे. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडण्यात आला.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. उपग्रह आपल्याला पाहत नाही. आपा कोठे आहे, हे त्याला ठाऊकही नसते. तो फक्त बोलतो आणि फोन ऐकतो. आपली जागा फोन स्वतःच ठरवतो आणि ती दुसऱ्या कोणाला कळवायची असेल, तर इंटरनेटवरून तोच कळवतो. तेव्हा आकाशाला दोष देऊ नका. चहाडी करणारा आपल्या खिशातच आहे.

बोगद्यात शिरल्यावर आकाश झाकले जाते आणि उपग्रहांचे संकेत क्षीण होतात. तरीही नकाशावरचा ठिपका पुढे सरकताना दिसतो. कारण फोनजवळ आणखी साधने असतात. आसपासचे मोबाइलचे मनोरे आणि दुकानांतले व घरांतले वायफाय यांवरूनही तो जागेचा अंदाज बांधतो. अंदाज म्हटला, की तो चुकणारच. दाट वस्तीत ठिपका कधी शेजारच्या इमारतीवर बसतो, तर कधी रस्त्याच्या पलीकडे जातो. ग्रंथालयात बसलेला मुलगा नकाशावर समोरच्या हॉटेलात दिसू शकतो. हे लक्षात ठेवा. पुढे याची गरज पडणार आहे.

मनोऱ्यांवरून होणाऱ्या नोंदी किती असतात, हे जर्मनीतल्या एका राजकीय नेत्याने जगाला दाखवून दिले. त्याचे नाव माल्टे स्पिट्झ. माझ्याविषयी तुमच्याजवळ काय माहिती आहे, असे त्याने आपल्या टेलिफोन कंपनीला विचारले. कंपनी सहजासहजी देईना, तेव्हा तो न्यायालयात गेला. शेवटी २००९-१० मधील सहा महिन्यांच्या नोंदी त्याच्या हाती आल्या. त्या किती होत्या? ३५,८३०! २०११ मध्ये त्या एका वृत्तपत्राच्या मदतीने नकाशावर मांडून प्रसिद्ध झाल्या. तो आगगाडीत केव्हा बसला आणि कोणत्या गावी किती वेळ थांबला, हे कोणालाही पाहता येत होते. त्याने कोणताही गुन्हा केलेला नव्हता.

आता जॉगिंग ट्रॅककडे परत येऊ. धावण्याचे अंतर मोजणारी अनेक ॲप्स आहेत. ‘स्ट्रावा’ नावाच्या अशाच एका ॲपने २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये जगाचा एक नकाशा प्रसिद्ध केला. लोक जिथे जास्त धावतात, तिथे उजळ रेषा. त्यात कोणाचेही नाव नव्हते. मग काय बिघडणार, असे कंपनीला वाटले असावे. पण जानेवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका वीस वर्षांच्या विद्यार्थ्याच्या लक्षात एक गोष्ट आली. अफगाणिस्तान, सीरिया अशा देशांच्या ओसाड भागात काही ठिकाणी उजळ रेषा दिसत होत्या. तिथे पळणारे होते परदेशी सैनिक. त्यांच्या तळांच्या वाटा साऱ्या जगासमोर उघड्या पडल्या होत्या. शिस्तीत वाढलेल्या सैनिकांच्या हातून जे झाले, ते तुमच्याआमच्या हातून होणे किती सोपे!

ही नोंद बंद करता येते का? येते. गूगलच्या नकाशात तिला ‘टाइमलाइन’ म्हणतात. पण २०१८ च्या ऑगस्टमध्ये एका वृत्तसंस्थेने शोधून काढले, की ‘लोकेशन हिस्टरी’ बंद केल्यावरही दुसऱ्या एका सेटिंगमधून ठिकाणांची नोंद होतच राहते. याबद्दल अमेरिकेतील ४० राज्यांनी चौकशी केली आणि २०२२ मध्ये गूगलने ३९ कोटी १५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने जाहीर केले, की ही टाइमलाइन आता फोनमध्येच साठवली जाईल. बदल चांगला आहे. पण वही घरात आली म्हणजे ती घरातल्या कोणीही उघडावी, असा त्याचा अर्थ होत नाही.

आणि खरा पेच येथेच आहे. समजा, एके दिवशी भाईजान तुम्हाला बाजूला घेऊन म्हणतात, “आपाच्या फोनचा पासवर्ड तुला ठाऊक आहे ना? तिचा फोन कोठे आहे, हे माझ्या फोनवर दिसेल असे करून दे. दोन मिनिटांचे काम आहे. तिला सांगू नकोस. काळजी वाटते म्हणून म्हणतो.”

तुम्ही काय कराल? भाईजान दुष्ट नाहीत. त्यांना खरोखरच काळजी वाटत असेल. शिवाय ते मोठे आहेत आणि मोठ्यांचे ऐकावे, असे आपल्याला शिकवलेले असते. पण त्यांच्या बोलण्यातले एक वाक्य पुन्हा वाचा : ‘तिला सांगू नकोस.’ काळजीच असेल, तर ती सांगायला हरकत कसली? ‘आपा, तू उशिरा येतेस तेव्हा जीव घाबरतो, जागा कळवत जाशील का?’ असे समोर बसून विचारता येते. त्यावर ती हो म्हणेल, नाही म्हणेल किंवा फक्त रात्रीपुरते कळवीन म्हणेल. लपून पाहिले, की तिचा हा बोलण्याचा हक्कच जातो.

मग पुढे काय होते, तेही पाहा. दवाखान्याचा ठिपका भाईजानना दिसतो. तो थोडा सरकून शेजारच्या हॉटेलावर बसलेला असतो. ‘कॉलेज सोडून हॉटेलात काय करत होती?’ भाईजान हे आपाला विचारू शकत नाहीत, कारण विचारले तर चोरी उघडी पडेल. ते मनातल्या मनात कुढत राहतात. तिची तपासणी चालली आहे आणि ती घाबरलेली आहे, हे त्यांना कळतच नाही. ठिपका जागा सांगतो, कारण सांगत नाही. आणि एक दिवस हे सारे आपाला कळते. पासवर्ड कोणी दिला, हेही कळते. तुमच्यावरचा तिचा विश्वास त्या दिवशी उडतो.

काही जण म्हणतात, “ज्याच्या मनात चोर नाही, त्याला कशाची भीती?” मला हे बोलणे पटत नाही. आपण अंघोळीच्या वेळी दार लावतो, ते काही चोरी करण्यासाठी नव्हे. मराठीत ‘खासगी’ हा शब्द आहे. त्यात तुमच्या ओळखीचा ‘खास’ दडलेला आहे. जे आपले खास, ते खासगी. ते वाईटच असले पाहिजे, असे कोठे आहे?

हा प्रश्न आपल्या देशाच्या न्यायालयांपुढेही येऊन गेला आहे, आणि तोही स्मार्टफोनच्या कितीतरी आधी. उत्तर प्रदेशातील खडक सिंग याच्यावर दरोड्याचा आळ आला होता. पुरावा नाही म्हणून तो सुटला. तरी पोलिसांनी त्याच्या नावाची वही उघडली. रात्री-अपरात्री ते त्याचे दार ठोठावीत आणि तो गावाबाहेर कोठे जातो, यावर पाळत ठेवीत. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्री दार ठोठावणे बेकायदा ठरवले. पाळतीला मात्र मोकळीक दिली, कारण खासगीपणाचा हक्क राज्यघटनेत नाही, असे बहुसंख्य न्यायमूर्तींचे मत पडले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांना ते मान्य नव्हते. ज्याच्या प्रत्येक पावलावर पोलिसांची नजर आहे, त्याचे चालणे मोकळे कसे म्हणायचे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

त्यांचे म्हणणे मान्य व्हायला चोपन्न वर्षांहून अधिक काळ गेला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. नागपूरचे शरद बोबडे हे त्या नऊ जणांपैकी एक होते. मग ८ जुलै २०२४ रोजी थेट नकाशावरच्या ठिपक्याचाच खटला आला. एका आरोपीला जामीन देताना अट घातली होती, की त्याने गूगलच्या नकाशावर आपली जागा पोलिसांना दिसेल असे करावे. न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांनी ती अट रद्द केली. ओक यांनी आपली वकिली ठाण्याच्या न्यायालयात सुरू केली होती. जामिनावर सुटलेल्या माणसाच्या हालचालींवर पोलिसांना सतत नजर ठेवू देणे म्हणजे त्याच्या खासगी आयुष्यात डोकावणे होय, असे त्यांनी ठरवले. विचार करा, आरोपीलाही जो हक्क आहे, तो आपाला नसावा?

मग ठिकाणांची माहिती घेणे नेहमीच वाईट का? मुळीच नाही. अपघात झाल्यावर ११२ या क्रमांकावर मदत मागताना नेमकी जागा कळली, तर जीव वाचू शकतो. आपल्या नाशिकचेच उदाहरण घ्या. २००३ च्या कुंभमेळ्यात चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसे दगावली. २०१५ च्या कुंभमेळ्यात निलय कुलकर्णी या नाशिकच्या शाळकरी मुलाने व त्याच्या सहकाऱ्यांनी पायाखाली अंथरायची एक चटई वापरून पाहिली. तिच्यावरून किती माणसे गेली, हे ती दाबावरून मोजत असे. त्यावरून कोठे गर्दी वाढते आहे, हे कळे. चटईने पावले मोजली, पण कोणाचेही नाव विचारले नाही. काम तेवढ्याने भागत होते.

अब्बा-अम्मींचा प्रश्न जरा वेगळा आहे. लहान मुलाची जबाबदारी त्यांच्यावर असते. तेव्हा त्यांनी जागा पाहिली, तर त्यात गैर नाही. फक्त ते मुलाला माहीत असावे आणि मूल मोठे होईल तसे ते कमी होत जावे, असे मला वाटते. कंपन्यांसाठी मात्र नियम कडक केला आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे. बालकांचा माग काढण्यास त्यात मनाई आहे. थोडे अपवाद सरकार ठरवू शकते. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले.

आता जमल्यास आपाला शेजारी बसवून तिचा फोन तिच्याच हाताने उघडायला सांगा. नकाशाच्या ॲपमध्ये ‘लोकेशन शेअरिंग’ पाहा. तिची जागा कोणाकोणाला दिसते, त्यांची नावे तिथे असतात. मग सेटिंग्जमध्ये कोणत्या ॲपला जागेची परवानगी आहे, ते पाहा. विजेरीच्या ॲपला आपाचे ठिकाण कशाला हवे? ते काढून टाका. टाइमलाइन बंद करायची की तीन महिन्यांनी आपोआप पुसू द्यायची, हे तिचे तिने ठरवावे. सामानाबरोबर ठेवायच्या बटणाएवढ्या खुणाही हल्ली मिळतात. तसली कोणाची खूण तिच्याबरोबर फिरत असेल, तर मे २०२४ पासून आयफोन आणि अँड्रॉइड हे दोन्ही प्रकारचे फोन तशी सूचना देतात.

ओळख नसलेले नाव किंवा ॲप सापडले, तर घाईने पुसू नका. आधी विश्वासातल्या मोठ्या माणसाला दाखवा, कारण तो पुरावा असतो. स्त्रीचा पाठलाग करणे किंवा तिच्या इंटरनेटच्या वापरावर नजर ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ प्रमाणे गुन्हा आहे. त्याची तक्रार पोलीस ठाण्यात करता येते. आणि नजर तुमच्यावरच असेल व घरात सांगण्याजोगे कोणी नसेल, तर मुलांसाठी १०९८ हा मदत क्रमांक आहे.