कल्पित किल्ल्याची मोजणी

जी इमारत जगात कोठेही उभी नाही तिचा नकाशा काढता येईल काय, हा प्रश्न प्रथमदर्शनी पोरकट वाटण्याचा संभव आहे. मोजणी ही असलेल्या वस्तूची होते. जी वस्तूच नाही तिला साखळी लावणार कोठे? तथापि एका कल्पित किल्ल्याच्या बाबतीत हा उद्योग गेली पंचवीस वर्षे मोठ्या चिकाटीने चालू आहे, आणि त्यात चित्रकार, सुतार, गणिताची आवड असलेले वाचक व संगणकावर काम करणारे तंत्रज्ञ असे नाना प्रकारचे लोक गुंतलेले आहेत. हा किल्ला म्हणजे जे. के. रोलिंग या ब्रिटिश लेखिकेच्या हॅरी पॉटर कथामालेतील हॉगवर्ट्स. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात, एका तळ्याच्या काठी असलेली ही जादूगारांची शाळा १९९७ साली पहिल्या पुस्तकातून वाचकांसमोर आली व २००७ साली सातव्या पुस्तकाबरोबर तिची कथा पूर्ण झाली.

या सात पुस्तकांत किल्ल्याचे सलग वर्णन असे कोठेच नाही. कथानायकाला ज्या दारातून आत जायचे असेल ते दार व ज्या खिडकीतून बाहेर पाहायचे असेल ती खिडकी तेवढी सांगितलेली असते. नकाशा काढणाऱ्याला अशी शेकडो विधाने निवडून काढावी लागतात, आणि मग त्याच्या लक्षात येते की ही सर्व विधाने सारख्या किमतीची नाहीत. ‘मनोरा उंच होता’ या वाक्याचा त्याला काहीच उपयोग नाही. याउलट चौथ्या पुस्तकात एक साधा तपशील आहे: किल्ल्याच्या स्वयंपाकघरात चार लांब मेजे असून ती वरच्या महादालनातील चार मेजांच्या बरोबर खाली येतात व त्यांवर मांडलेले अन्न तेथून वर पाठविले जाते. एवढ्या एका वाक्याने दोन दालने एकमेकांवर खिळून बसतात. महादालन कागदावर सरकविले की स्वयंपाकघरही सरकवावे लागते.

पहिल्या पुस्तकातील तिसऱ्या मजल्याची गोष्ट याहूनही उद्बोधक आहे. तेथील एका निषिद्ध खोलीच्या जमिनीत एक झडप आहे. तीतून उडी टाकणारी मुले बराच वेळ खाली पडत राहतात व किल्ल्याखालच्या भुयारात पोहोचतात. वाचक येथे श्वास रोखून धरतो. आराखडा काढणारा मात्र पेन्सिल खाली ठेवून विचारात पडतो. कारण तिसऱ्या मजल्यावरून भुयारात पडावयाचे असेल तर दुसरा मजला, पहिला मजला व तळमजला या तिन्हींवर त्याच ठिकाणी विहिरीसारखी उभी पोकळी सोडली पाहिजे. तिच्याभोवती भिंत हवी आणि त्या जागी दुसरी खोली असता कामा नये. कथेत या पोकळीचा उल्लेख नाही. ती अनुमानाने सिद्ध होते.

मजले मोजतानाही सावध राहावे लागते. ब्रिटनमध्ये आपल्याप्रमाणेच जमिनीलगतच्या मजल्यास तळमजला व त्यावरच्यास पहिला मजला म्हणतात. अमेरिकेत तळमजल्यालाच पहिला म्हणण्याची रीत आहे. हॅरीच्या निवासाचे प्रवेशद्वार सातव्या मजल्यावर आहे, म्हणजे ब्रिटिश हिशेबाने ती जमिनीपासूनची आठवी पातळी झाली. अमेरिकन वाचकाने आपल्या सवयीने नकाशा काढला तर संबंध किल्ला एका मजल्याने ठेंगणा होतो.

दृष्टिरेषेचा पुरावा असाच मोलाचा असतो. पाचव्या पुस्तकात खगोलशास्त्राची रात्रीची परीक्षा सर्वांत उंच मनोऱ्यावर चाललेली असताना विद्यार्थ्यांना किल्ल्याचे मुख्य द्वार उघडून उजेड बाहेर पडताना दिसतो, आणि तेथून निघालेली माणसे हिरवळ ओलांडून रानाच्या कडेला असलेल्या हॅग्रिडच्या झोपडीकडे जाताना दिसतात. द्वार, हिरवळ व झोपडी ही तिन्ही मनोऱ्याच्या माथ्यावरून दिसली पाहिजेत, अशी अट येथे आपोआप पडते. डोंगरावर टेहळणीची चौकी कोठे बांधावी हे ठरविणाराही हाच हिशेब करतो.

मात्र अटी वाढत गेल्या की त्या एकमेकींवर आदळू लागतात. नवे विद्यार्थी प्रथम होडीने तळे ओलांडून येतात, एका कड्याच्या पोटातील धक्क्यावर उतरतात व खडकातील वाटेने वर चढून किल्ल्यात पोहोचतात. म्हणजे किल्ला तळ्याच्या पातळीपासून बराच उंचावर आहे. दुसरीकडे स्लिदरिन गटाचे निवासस्थान तळघरात असून ते तळ्याखाली जाते. दोन्ही विधाने खरी धरली तर तळघर कड्याच्या उंचीहूनही खोल उतरले पाहिजे. समजा, कडा ५० मीटर उंच आहे व जिन्याची पायरी १७ सेंटिमीटरांची आहे. तर न्याहारीसाठी वर येताना या मुलांना सुमारे ३०० पायऱ्या चढाव्या लागतील, आणि जेवणाच्या दर वेळी पुन्हा तेवढ्याच. सात वर्षांच्या वास्तव्यात एकही विद्यार्थी याविषयी कुरकुर करीत नाही, ही गोष्ट कोणत्याही मंत्रापेक्षा अधिक अद्भुत मानावी लागेल!

पुस्तकाला हा तंटा मिटविण्याची गरज नसते, परंतु चित्रपटाला असते. पहिल्या चित्रपटाच्या तयारीच्या वेळी कलानियोजक स्टुअर्ट क्रेग यांना रोलिंग यांनी स्वतःच्या हाताने एक नकाशा काढून दिला. त्यात किल्ला, तळे, निषिद्ध रान, खेळाचे मैदान, रेल्वेस्थानक व शेजारचे गाव यांच्या जागा दाखविल्या होत्या. नकाशा साधाच होता. पण कशाच्या शेजारी काय आहे हे त्यावरून नक्की झाले, आणि क्रेग यांनी पुढे त्याचाच आधार घेतला. आतील व बाहेरील दृश्यांसाठी मात्र खऱ्या जुन्या वास्तूंची मदत घेण्यात आली. ग्लॉस्टरच्या कॅथेड्रलमधील पंख्यासारख्या छताच्या ओवऱ्या, १०९३ साली बांधावयास घेतलेल्या डरहमच्या कॅथेड्रलचा परिसर, ॲनिक येथील किल्ला, हे सर्व पडद्यावर एकाच शाळेचे भाग झाले. ग्लॉस्टर व डरहम यांच्यात तीनशे किलोमीटरांहून अधिक अंतर आहे. चित्रपटात ते एका दारात संपते. संकलकाची कात्री अशा प्रकारे जी भिंत जोडते ती आराखड्यात कधीच जुळत नाही.

दुरून दिसणारा संपूर्ण किल्ला मात्र कोठे मिळणार? तो बांधावाच लागला. ८६ कलावंत व कारागिरांनी पहिल्या चित्रपटासाठी १:२४ या प्रमाणात त्याची प्रतिकृती तयार केली. तिचा व्यास सुमारे १५ मीटर आहे. त्यावरून कल्पित किल्ल्याचा विस्तार सुमारे ३६० मीटर ठरतो. या जगात १ मीटर ६८ सेंटिमीटर उंचीचा मनुष्य ७ सेंटिमीटरांचा होतो. खिडक्यांमागे अडीच हजारांहून अधिक प्रकाशतंतूंचे दिवे बसविले असून कंदील, मशाली व ओवऱ्यांतून जाणारी मुले यांचा भास त्यांनी होतो. ही प्रतिकृती लंडनजवळच्या लीव्ह्झडन येथे २०१२ पासून लोकांना पाहण्यासाठी मांडलेली आहे.

प्रतिकृती लहान करता येते, परंतु गुरुत्वाकर्षण लहान करता येत नाही, आणि खरी अडचण येथेच आहे. ६० मीटर उंचीच्या मनोऱ्यावरून सुटलेला दगड जमिनीवर यावयास साडेतीन सेकंद लागतात. १:२४ प्रमाणात तोच मनोरा अडीच मीटरांचा होतो व त्यावरून खडा ०.७ सेकंदात खाली येतो. पडण्याचा काळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलत असल्याने हा फरक २४ च्या वर्गमुळाइतका, म्हणजे जवळजवळ पाचपट पडतो. म्हणून लहान प्रतिकृतीवरील हालचाल खरी वाटावी यासाठी ती पाचपट वेगाने चित्रित करून नेहमीच्या वेगाने दाखवितात. घन वस्तूंना ही युक्ती लागू पडते. धूळ, पाणी व ज्वाला मात्र तिला दाद देत नाहीत. पाण्याचा थेंब चोविसाव्या हिश्शाचा होत नाही.

२०११ सालच्या शेवटच्या चित्रपटात किल्ल्यावर मोठी लढाई होऊन तो उद्ध्वस्त होतो. कॅमेऱ्याला त्या वेळी आकाशातून अंगणापर्यंत मोकळेपणी फिरावयाचे होते. म्हणून प्रतिकृतीची लेसर किरणांनी मोजणी करून तिच्यावरून संगणकात नवा किल्ला रचण्यात आला. लेखिकेने कागदावर काढलेली एक आकृती, तिच्यावरून प्लास्टरचा किल्ला, आणि त्याच्यावरून पुन्हा आकड्यांचा किल्ला असा हा प्रवास झाला. वाटेत किल्ला बदलतही गेला. २००४ च्या तिसऱ्या चित्रपटात लाकडी पूल व घड्याळाचा मनोरा प्रथमच दिसले, हॅग्रिडची झोपडी सपाटीवरून उतारावर गेली. २००९ मध्ये खगोलमनोरा कथेच्या गरजेप्रमाणे नव्याने उभा राहिला. खऱ्या किल्ल्याला अशी डागडुजी करावयास शतके लागली असती.

तरीही चित्रपटाचा किल्ला हा बाहेरूनच पुरा असतो. आतून पुरा किल्ला लागतो तो संगणकावरील खेळांना. २०२३ साली निघालेल्या अशा एका खेळात खेळणारा तळघरापासून मनोऱ्यापर्यंत आपल्या मनाच्या वाटेने हिंडतो. तेथे संकलकाची कात्री नसते आणि प्रत्येक दाराच्या पलीकडे काहीतरी असावेच लागते.

आता जादूचा प्रश्न उरतो. हॉगवर्ट्समध्ये १४२ जिने आहेत, आणि त्यांपैकी काही शुक्रवारी दुसरीकडेच नेतात. खोल्यांच्या जागी बिंदू व जिन्यांच्या जागी रेषा काढून वाटांचा विचार करण्याची पद्धत ऑयलर या गणितज्ञाने १७३६ साली क्योनिग्जबर्ग शहराच्या सात पुलांविषयी केलेल्या विचारातून पुढे आली. अंतरे विसरून केवळ जोडणी पाहणारी ही पद्धत अशा किल्ल्याला फार सोयीची आहे. परंतु ज्या रेषा वारागणिक जागा बदलतात त्यांच्यासाठी एक आकृती पुरत नाही. वारावारी चालणाऱ्या गाड्यांसाठी करतात तसे वेळापत्रकच छापावे लागते. थोडक्यात, या किल्ल्यात नवख्या विद्यार्थ्याला नकाशापेक्षा रेल्वेच्या चौकशी खिडकीचा उपयोग अधिक झाला असता.

सातव्या मजल्यावरील ‘गरजेची खोली’ तर नकाशाशी उघड वैर धरते. एका भिंतीसमोरून इच्छा मनात धरून तीन फेऱ्या घातल्या की तिचे दार प्रकट होते, आणि आतील जागा मागणाऱ्याच्या गरजेप्रमाणे लहान किंवा प्रचंड असते. कागदावर भिंतीमागे जेवढी जागा शिल्लक आहे तेवढीच खोली काढता येते, प्लास्टरमध्येही तसेच. संगणकाला मात्र हे बंधन नाही. दार एका ठिकाणी व त्यामागची खोली आकड्यांच्या अवकाशात भलतीकडेच साठवून ठेवली तरी उंबरा ओलांडणाऱ्याला सलग चालल्याचाच अनुभव येतो. मयसभेत दुर्योधनाला जमिनीच्या ठिकाणी पाणी व पाण्याच्या ठिकाणी जमीन दिसली. तसली फसवणूक आज खेळ रचणाऱ्याच्या रोजच्या कामाचा भाग आहे.

चित्र इतके पूर्ण होऊ लागले म्हणजे एक हानीही होते, आणि तिची दखल फारशी घेतली जात नाही. २००७ च्या ऑक्टोबरात कोलकात्यातील सॉल्ट लेक भागात दुर्गापूजेसाठी हॉगवर्ट्सच्या रूपाचा भव्य मंडप उभारण्यात आला. लेखिका व चित्रपट कंपनी यांच्या वतीने दिल्ली उच्च न्यायालयात २० लाख रुपयांचा दावा दाखल झाला. न्यायालयाने उत्सव संपेपर्यंत मंडप राहू दिला. कारागिरांनी उभे केलेले ते रूप कोणाचे होते, पुस्तकाचे की पडद्याचे? २०१० साली फ्लोरिडातील ऑरलँडो येथील उद्यानात उभारलेल्या किल्ल्यालाही हाच प्रश्न विचारता येईल. तेथे वरचे भाग मुद्दाम लहान प्रमाणात बांधून तो आहे त्याहून उंच भासविला आहे. दोन्ही ठिकाणी पाहणारा ‘हाच तो’ असे म्हणतो. त्यातील कोणता मनोरा लेखिकेच्या शब्दांत आहे व कोणता सुताराच्या सोयीसाठी आला, हे सांगण्याचे साधन त्याच्यापाशी नसते, कारण पुरावा व तर्क या दोहोंना एकच रंग दिलेला असतो.

पुराणवस्तुसंशोधक या बाबतीत अधिक काटेकोर असतात. उत्खननाच्या आराखड्यात सापडलेली भिंत ते सलग रेषेने व तर्काने पुरी केलेली भिंत तुटक रेषेने दाखवितात. प्राचीन वास्तूंच्या संगणकीय प्रतिकृतींसाठी २००६ साली ‘लंडन सनद’ तयार झाली. तिचाही आग्रह असा की, काय पुराव्यावरून घेतले व काय अनुमानाने भरले याची नोंद प्रतिकृतीबरोबर ठेवावी. पॅरिसचे नोत्र-दाम २०१९ साली आगीत सापडले तेव्हा त्याची आधी झालेली लेसर-मोजणी जीर्णोद्धाराच्या उपयोगी पडली व २०२४ च्या डिसेंबरात ते पुन्हा उघडले. तेथे शंका आली तर उरलेल्या दगडाला विचारता येत होते. हॉगवर्ट्सला दगड नाहीत, फक्त वाक्ये आहेत. म्हणून तेथे तुटक रेषेची गरज अधिक.

शाळांतून हा प्रयोग सहज करण्याजोगा आहे. आवडीच्या कोणत्याही कथेतील एक वाडा निवडावा आणि त्याविषयीचे प्रत्येक विधान पृष्ठांकासह वेगळ्या चिठ्ठीवर लिहून घ्यावे. ‘वर’, ‘खाली’, ‘समोर’ व ‘दिसते’ असे शब्द असलेल्या चिठ्ठ्या आधी वापराव्या. ‘भव्य’ व ‘प्रशस्त’ असलेल्या बाजूला ठेवाव्या. दोन मुलांनी एकमेकांचे न पाहता आराखडे काढून ते खिडकीच्या काचेवर एकावर एक धरावे. जेथे रेषा जुळतील तेथे शाई फिरवावी. उरलेल्या पेन्सिलीतच राहू द्याव्या.