कालबाह्य जनित हेडर फाइल

संगणक आज्ञावलीची बांधणी बदललेल्या पर्यायांसह पुन्हा करताना, आधीच्या बांधणीतून मागे राहिलेली जी हेडर फाइल चुकून वापरली जाते, तिला कालबाह्य जनित हेडर फाइल असे म्हणतात. सी आणि सी++ या भाषांतील प्रकल्पांत ही अडचण विशेषतः आढळते.

पार्श्वभूमी

अनेक स्रोत फाइलींना लागणाऱ्या सामायिक व्याख्या हेडर फाइलीत असतात. काही हेडर फाइली प्रोग्रामर स्वतः लिहितो. काही बांधणीच्या वेळी साधनांकडून तयार होतात, त्यांना जनित म्हणतात. डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या ऑटोकॉन्फवर आधारित प्रकल्पांत 'कॉन्फिगर' ही स्क्रिप्ट संगणकाची तपासणी करते आणि 'कॉन्फिग.एच' ही फाइल बनवते. लिनक्स कर्नेलमध्ये निवडलेल्या पर्यायांवरून 'ऑटोकॉन्फ.एच' तयार होते.

कारणे

स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेत रचलेले 'मेक' हे साधन फाइलींच्या अखेरच्या बदलाच्या वेळांची तुलना करते. तयार झालेली फाइल तिच्या आधारभूत फाइलींपेक्षा नवी असेल, तर ती पुन्हा बनवली जात नाही. आज्ञेसोबत दिलेला पर्याय बदलला, तरी कोणत्याही फाइलीची वेळ बदलत नाही. त्यामुळे हा बदल मेकला कळत नाही.

दुसरे कारण शोधक्रमाचे आहे. अवतरणचिन्हांत नाव दिलेली हेडर फाइल जीसीसी हा संकलक प्रथम मागणी करणाऱ्या फाइलीच्याच डिरेक्टरीत शोधतो. पूर्वी स्रोताच्या डिरेक्टरीतच बांधणी झाली असेल, तर नंतर स्वतंत्र डिरेक्टरीत केलेल्या बांधणीलाही तेथील जुनी फाइल आधी सापडू शकते.

परिणाम

संकलन थांबले, तर दोष निदान लगेच दिसतो. अधिक धोकादायक प्रकारात संकलन निर्विघ्न पार पडते. उदाहरणार्थ, नव्या पर्यायामुळे एखाद्या 'स्ट्रक्ट'मध्ये एक घटक वाढतो. काही फाइली जुन्या आणि काही नव्या व्याख्येनुसार संकलित झाल्यास दोन्ही भाग त्याचा आकार वेगवेगळा धरतात. संकलक प्रत्येक स्रोत फाइल स्वतंत्रपणे तपासतो, म्हणून ही विसंगती त्याच्या नजरेतून सुटते. परिणामी आज्ञावली चालू असताना स्मृतीतील माहिती बिघडते आणि प्रोग्रामर निर्दोष स्रोतात चूक शोधत राहतो.

उपाय

'मेक क्लीन' ही आज्ञा सामान्यतः कॉन्फिगरने बनवलेल्या फाइली काढत नाही; त्यासाठी 'मेक डिस्टक्लीन' वापरतात. लिनक्स कर्नेलसाठी 'मेक एमआरप्रॉपर' ही आज्ञा आहे. ती पर्यायांची '.कॉन्फिग' फाइलही पुसते, म्हणून तिची प्रत आधी जपून ठेवावी लागते. स्रोताची डिरेक्टरी स्वच्छ ठेवून प्रत्येक पर्यायसंचासाठी वेगळी बांधणी डिरेक्टरी वापरणे, हा अधिक खात्रीचा मार्ग आहे.