विश्लेषण : मोबाइल घरोघरी, पण यंत्रणा परदेशी… हे चित्र बदलेल?

बीएसएनएलचे स्वदेशी फोरजी जाळे २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातील झारसुगुडा येथून कार्यान्वित झाले. देशात फोरजी सेवा २०१२ मध्येच सुरू झाली होती. मग १३ वर्षांनी आलेल्या या जाळ्याचे महत्त्व काय?

सी-डॉटने काय साधले होते?

ऑगस्ट १९८४ मध्ये सरकारने सी-डॉट ही संशोधन संस्था स्थापन केली. सॅम पित्रोदा यांच्या पुढाकारातून ३६ महिने आणि ३६ कोटी रुपयांत स्वदेशी डिजिटल एक्स्चेंज बनवण्याचे उद्दिष्ट ठरले. परदेशी एक्स्चेंजला वातानुकूलित खोली लागे. सी-डॉटचे १२८ जोडण्यांचे ग्रामीण एक्स्चेंज मात्र धुळीत आणि उकाड्यातही चाले. १९८६ मध्ये ते प्रथम कर्नाटकातील कित्तूर येथे बसले. मोठ्या एक्स्चेंजना विलंब झाला, पण संस्थेने तंत्रज्ञान अनेक कारखान्यांना परवान्याने दिले आणि देशी उत्पादक उभे राहिले.

मग धागा तुटला कुठे?

१९९४ च्या धोरणाने खासगी कंपन्यांना दार उघडले. भरमसाट बोलीने घेतलेल्या परवान्यांचे शुल्क त्यांना झेपेना, म्हणून १९९९ च्या धोरणाने ठरावीक शुल्काऐवजी महसुलातील वाटा घेण्याची पद्धत आणली. स्पर्धा वाढली, दर कोसळले, मोबाइल सर्वसामान्यांच्या हाती आला. मात्र ही धोरणे मुख्यतः सेवेच्या विस्तारासाठी होती. १९९७ मध्ये भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत बहुतेक दूरसंचार उपकरणांवरील आयातशुल्क शून्यावर आले. सी-डॉटची ताकद लँडलाइन एक्स्चेंजमध्ये होती. मोबाइलचे तयार तंत्रज्ञान परदेशी कंपन्यांकडे होते. ग्राहक भारतीय, सेवा भारतीय. उपकरणे मात्र बव्हंशी बाहेरची, अशी विभागणी झाली.

नव्या जाळ्यात स्वदेशी काय?

मोबाइल जाळ्याचे दोन मुख्य भाग असतात. टॉवरवरील रेडिओ यंत्रणा फोनशी संपर्क साधते, तर ‘कोअर’ हा मेंदू ग्राहकाची ओळख पटवून कॉल आणि डेटाला वाट दाखवतो. येथे कोअर सी-डॉटचा, रेडिओ तेजस नेटवर्क्सचा आणि जुळणी टीसीएसची आहे. मेंदू आपला असेल तर सुरक्षेच्या प्रश्नात दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही.

किंमत कोणी मोजली?

बीएसएनएलने आणि तिच्या ग्राहकांनी. २०२० मध्ये फोरजीची आधीची निविदा रद्द झाली. देशी यंत्रणा तयार होऊन चाचण्या पार पडेपर्यंत ग्राहक खासगी कंपन्यांकडे वळत राहिले. स्वदेशीचा आग्रह धरताना त्याचा भार एकट्या सरकारी कंपनीवर टाकावा का, हा प्रश्न म्हणूनच उरतो.

पुढची कसोटी कोणती?

उपकरण निर्मितीसाठी २०२१ मध्ये १२,१९५ कोटी रुपयांची उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजना आली. पण कारखान्यात जुळणी होणे वेगळे आणि आराखडा आपला असणे वेगळे. चिपसाठी आजही बाहेर पाहावे लागते. खासगी कंपन्यांच्या फाइव्हजी जाळ्यांत एरिक्सन, नोकिया यांचीच यंत्रणा प्रामुख्याने आहे. सक्तीविना, केवळ दर्जा आणि दर पाहून या कंपन्या देशी यंत्रणा मागवू लागतील, तेव्हाच कित्तूरला सुरू झालेले काम पुढे गेले असे म्हणता येईल.