पाखरांसाठी परसातले कारंजे

रत्नागिरी (प्रतिनिधी) : समोर अथांग सागर आणि पिण्याजोगे पाणी मात्र मोजके, अशी उन्हाळ्यात मांडवीची गत असते. रत्नागिरीत वर्षाकाठी 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पण सच्छिद्र जांभा तो धरून ठेवत नाही आणि किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होऊ लागते. माणसांच्या घरी शीळ धरणाचे पाणी नळाने येते. बुलबुल, दयाळ, साळुंकी, शिंजीर या परसातल्या पाखरांना ते शोधावे लागते. पक्ष्यांना घर्मग्रंथी नसतात. चोच उघडी ठेवून, धापा टाकून ते अंगातील उष्णता घालवतात आणि त्यात शरीरातील पाणी खर्ची पडते.

झाडाखाली पाण्याचे भांडे अनेक जण ठेवतात, तरीही कित्येकदा पाखरे तिकडे फिरकत नाहीत. कारण साधे आहे. निश्चल पाणी त्यांच्या सहज लक्षात येत नाही. ठिबकणाऱ्या पाण्याचा आवाज आणि त्यावरची चमक मात्र त्यांना खेचून आणते. कारंज्याचा खरा उपयोग हा आहे. त्यासाठी उंच उडणाऱ्या तुषारांची गरज नाही. मांडवीत तर दुपारी सुटणारा खारा वारा ते तुषार अंगणभर उधळून देईल आणि भांडे पाहता पाहता कोरडे पडेल.

मातीचे पसरट परळ हे यासाठी उत्तम भांडे. कडेला पाणी बोटाच्या पेराएवढे आणि मध्यभागी फार तर दोन इंच असावे. तळ गुळगुळीत असल्यास त्यात खडबडीत दगड ठेवावा, म्हणजे पाय घसरत नाहीत. लोखंडी तिवई खाऱ्या हवेत लवकर गंजते. त्यापेक्षा जांभ्याचे दोन-तीन चिरे रचून त्यावर परळ ठेवणे बरे. वर फांदीला दोन लिटरची बाटली टांगून तिच्या बुडाशी सलाइनची नवी नळी जोडावी. नळीवरील चाकाने धार हवी तेवढी कमी करता येते. दोन सेकंदांना एक थेंब पडू दिल्यास तासाला सुमारे 90 मिलिलिटर, म्हणजे दिवसाच्या बारा तासांत जेमतेम लिटरभर पाणी लागते. टंचाईच्या दिवसांतही एवढे पाणी कोणत्याही घराला परवडावे.

हौसेने विजेचा पंप बसवायचाच असेल, तर कूलरमधला छोटा पंप पुरतो. मात्र तो सतत बुडालेला राहील इतके पाणी लागते. कोरडा चालल्यास तो जळतो. त्यामुळे खाली झाकलेली बादली आणि वर परळ अशी रचना करावी लागते. उघड्यावरील या जोडणीला अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच अत्यावश्यक आहे. वीज गेली की मात्र हे कारंजे मुके होते. बाटलीला ती अडचण नाही.

जागा निवडताना मांजराचा विचार आधी करावा. परळ झुडपाला चिकटून नको आणि फार उघड्यावरही नको. पाच-सहा फुटांवर फांदी असली की भिजलेले पाखरू तेथे बसून पंख वाळवते.

डासांची भीती खरी आहे. डेंग्यू पसरविणाऱ्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात आणि त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात. म्हणून नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. एक दिवसाआड परळ काथ्याने घासलेच पाहिजे. साबण नको. घाणेरड्या पाण्यातून पाखरांमध्ये रोग पसरतात, त्यामुळे घासणे जमणार नसेल तर परळ न ठेवलेले बरे. जूनमध्ये पावसाची पहिली झड आली की बाटली उतरवावी आणि परळ उपडे करून पडवीत ठेवावे.